दोन वळसे जास्त

तेलुगूत त्यांना मोटिमलु म्हणतात,
गौरक्काच्या कन्नडात मोडवे,
शाळेच्या पुस्तकात तारुण्यपिटिका.
त्या शब्दापाशी बाई जरा थांबल्या
आणि अख्ख्या वर्गानं वळून माझ्याकडं बघितलं.
आमच्या विडी घरकुलात नुसतं पुळ्या.
"आल्या का गं श्रीलता?"
"आल्या की."

उपाय वस्तीभर फुकट.
गौरक्का म्हणाली, मसूर डाळ भिजव, वाट, लाव.
शमशादखाला म्हणाल्या, मुलतानी माती,
आणि शेंगाचटणी बंद.
(शेंगाचटणी बंद! मग भाकरी खायची कशाशी?)
नळावरच्या एका बाईनं सांगितलं टूथपेस्ट.
मी तिचंच ऐकलं.
एप्रिलची दुपार, पत्रा तापलेला,
गालावर पुदिना पेटला,
आणि संध्याकाळी पुळीच्या जागी
लाल रुपया.
लिंबाचं तर विचारूच नका.

कडुलिंब विडीच्या ब्रांचसमोर आहे.
अम्मा हजार विड्या देऊन येताना
पदरात पाला बांधून आणते.
छाट किती निघाली, ते पाल्यावरून कळतं:
पाला जास्त, तर छाट जास्त,
मुकादमानं बाजूला काढलेल्या विड्या मोजत
ती झाडाखाली बराच वेळ उभी राहिलेली असते.
मला वाटायचं, आरशात रोज
माझीही छाट निघते.

पाला उकळायचा, निवू द्यायचा, तोंड धुवायचं.
पाणी पाचव्या दिवशी येतं,
म्हणून खाली घमेलं.
घमेल्यातलं पाणी डब्यातल्या कोरफडीला,
कोरफडीचा गर पुन्हा माझ्या गालाला.
असं ते पाणी आमच्या घरात
गोल गोल फिरतं.

रात्री सहाण निघते.
तीच, जिच्यावर माझी बाळगुटी उगाळली.
हळकुंडाचे सात वळसे,
जायफळाचे चार, दुधात.
अम्मा मोजते तेलुगूत, ओरडते मराठीत:
"हलू नको! नख लावलंस तर बघ!"
लेप ती डाव्या करंगळीनं लावते.
बाकीच्या नऊ बोटांत तंबाखू मुरलाय,
साबणानं जात नाही, राखेनं जात नाही,
सणाच्या दिवशीसुद्धा पुरणाला वास येतो.
विडी वळताना एकटी करंगळीच
बाहेर राहते, उगाच,
जत्रेत हात सुटलेल्या पोरीसारखी.
तेवढीच माझ्या गालासाठी ठेवलेली.

चाळीस दिवस झाले.
कपाळ निवळलं. हनुवटी नाही.
एक बसते, दुसरी उठते.
मी म्हणाले, सोड अम्मा, काही होत नाही यानं.
ती काही बोलली नाही.
सुपातली पानं ओल्या फडक्यात गुंडाळली,
दिवा मालवला.

मग झोप येईना म्हणून मी कूस बदलली,
तर मोरीपाशी अम्मा.
सहाणेवर उरलेलं बोटानं निपटून
स्वतःच्या गालावर लावत होती,
नाकाच्या दोन्ही बाजूंना,
जिथं तिला वांग आहे.
माझ्या वेळी पोटुशी असताना आलेला,
गेलाच नाही, असं ती हसत सांगते,
जसं काही मी घरात येताना
पायाची माती तिच्या तोंडावर पुसली.
आरसा नव्हता. अंधार होता.
कुठं लावायचं ते तिला पाठ होतं.
आणि सोळा वर्षांत
मी एकदाही विचारलं नव्हतं,
अम्मा, याला काय लावतेस?

मी डोळे मिटून घेतले.

आज सहाण मी काढली.
हळकुंड सात, जायफळ चार.
मग आणखी दोन.
"एवढं कशाला गं, वाया जाईल,"
ती पानं कातरता कातरता म्हणाली.
मी म्हटलं, हात धू आणि इकडं बघ.
आणि मग माझी करंगळी
कुठून सुरुवात करावी ते न कळून
तिच्या नाकाशी
थोडी थांबली.