थंड खोली

पारसमल शेठच्या डाळ मिलमध्ये, जळगाव एमआयडीसीत,
मे महिन्यात एकच खोली थंड असायची.
तिथे सर्व्हर राहायचे, झोपे राहायचे
आणि दुपारी दोननंतर
हमालांच्या पाण्याच्या बाटल्या.

झोपे आडनावाचा माणूस
चौदा वर्षं रात्रीचा नीट झोपला नव्हता.
हा विनोद इतका जुना झाला होता
की कुणी हसायचंही नाही.
खोलीतल्या पंख्याचा आवाज बदलला
की मला भुसावळला घरी कळतं, असं ते म्हणत.
आम्ही मान हलवायचो.

होळीनंतर ठरलं,
सगळं भाड्याच्या प्लॅटफॉर्मवर न्यायचं.
मी समजावलं: मशीन त्यांचं, सिस्टीम त्यांची, दुरुस्ती त्यांची.
आपण फक्त आपला कोड चढवायचा.
झोपे म्हणाले, "म्हंजे आमच्या टेसनासारखं.
फलाट रेल्वेचा, किटली आपली."
पुण्याच्या तीन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये
मला याहून बरी व्याख्या मिळाली नव्हती.

शेठनी एवढंच विचारलं, "मीटर पडतं?"
पडतं.
"मिल बंद असते तेव्हा?"
तेव्हा कमी.
शेठनी चष्मा पुसला. म्हणजे हो.

सामान हलवताना कळतं घरात काय काय आहे.
डेटाबेसचा पासवर्ड कोडाच्या पोटात, उघडा.
रात्री दोनला चालणारी एक स्क्रिप्ट,
नाव 'नको_पुसू'.
कुणी लिहिली, कशासाठी?
झोपे छताकडे बघत राहिले.
"त्या साली तूर लई महाग होती,"
एवढंच आठवलं त्यांना.

बटण दाबलं. हिरवं झालं. पेढे आले.

चौथ्या दिवशी प्लॅटफॉर्मने आमचं ॲप
न विचारता बंद करून पुन्हा उभं केलं.
असं होतंच, तसं लिहिलेलंही होतं,
मी वाचलंही होतं,
औषधाच्या खोक्यातला कागद वाचतात तसं.
वजनकाट्याच्या दोनशे बारा पावत्या
तिथल्या डिस्कवर होत्या.
तिथल्या डिस्कला कालचं काही आठवत नाही.

गेटवर हरभऱ्याचे ट्रक,
ड्रायव्हर किल्ल्या वाजवत उभे.
शेठ काही बोलले नाहीत. ते जास्त वाईट.

झोपे उठले, थंड खोलीचं दार उघडलं.
जुनं मशीन चालू होतं.
ते बंद करायची चिठ्ठी मीच दिली होती त्यांना, सहीनिशी.
चार दिवस काट्यावरची प्रत्येक पावती
इकडेही जात होती, तिकडेही.
"बंद करनार होतो गं," ते म्हणाले,
"पन बटनाकडे गेलो
का हात पंख्यावरच राहून जायचा."

त्या रात्री पावत्या वेगळ्या साठवणीत ठेवल्या,
पासवर्ड कोडातून बाहेर काढला.
मी एकेक ओळ वाचायची, ते "हं" म्हणायचे.
एका ओळीला म्हणाले नाहीत.
ती मी पुन्हा वाचली. चूक होती.

आखाजीच्या आदल्या आठवड्यात एवढा माल आला
की दोनाची सहा मशीनं झाली, सहाची परत दोन,
आणि कुणी झोपेतून उठलं नाही.
आम्हाला ते सकाळी आलेखात दिसलं,
एक छोटं टेकाड.

मग जुनं मशीनही बंद झालं.
एसी शेठच्या केबिनमध्ये गेला.
हमालांनी विचारलं, बाटल्या आता कुठे ठेवायच्या?
याचं उत्तर कुठल्याच पॅकेजमध्ये नव्हतं.
मी माठ आणला. तो तिसऱ्या दिवशी फुटला. दुसरा आणला.

रॅक झोपेंनी भंगाराच्या भावात घेतला.
भुसावळला गच्चीवर, त्याच्या जाळीच्या फळ्यांवर
वहिनींचे ज्वारीचे बिबडे वाळतात.

अजूनही कधी रात्री दोनला फोन येतो.
"चालू हाये ना?"
चालू आहे.
"मी आपलं सहज."
मग दोघंही काही बोलत नाही, ठेवतही नाही.
त्यांच्या खोलीतला पंखा ऐकू येतो मला.
एक पातं किंचित घासतंय.