रिकामा कॅन

मे महिना, सकाळी सातची बॅच.
पालिकेच्या तलावावर चाळीस पोरं, एक शिट्टी
आणि मी.
पहिल्या दिवशी विचारतो, पाणी किती खोल?
"साडेतीन फूट," भिंतीवरचा आकडा वाचून सांगतात.
पायाने कुणी मोजत नाही.

मी शिकलो तेव्हा पाठीला डबा होता,
डालड्याचा, झाकण डांबराने बुजवलेलं.
सुतळीचे वळ बरगडीवर आठ-आठ दिवस राहायचे.
काका काठावरून ओरडायचा, हात मार, हात मार,
आणि मी डब्याच्या भरवशावर हात मारायचो.
एकदा पार होऊन आलो, डबा सोडला,
तर आत पाणी खुळखुळत होतं.
म्हणजे अर्ध्या नदीतून
मीच त्याला वाहून आणलं होतं.

पंधराव्या दिवशी आईबापांना वाटतं, पोराला पोहता आलं.
विसाव्या दिवशी पोराला वाटतं.
मला त्या विसाव्या दिवसाची भीती.

"सर, रविवारी खडकवासल्याला चाललोय."
मी म्हटलं, अरे, इथे फरशी संपली की पुढे फरशीच असते.
तिथे गुडघाभर पाण्याला लागून
मुरूम उपसलेला खड्डा असतो.
गाळ पाय धरतो.
वरचं पाणी कोमट, वीतभर खाली गार,
आणि पिंढरी आखडली की
तुमचा फ्रीस्टाइल विचारत नाही कुणी.
"हो सर," म्हणाले.
हो सर म्हणजे ऐकलं नाही,
तीस वर्षांत एवढं कळतं.

म्हणून शनिवारी पोहू दिलंच नाही.
काठावर उकिडवं बसवलं. आज फक्त फेकायचं.
दोरी, बॅट, ओढणी, झाकण लावलेला रिकामा कॅन,
हाताला येईल ते.
सांगितलं, बुडणारा माणूस ओरडत नाही.
तोंड आभाळाकडे,
हात पाण्यावर शिडी चढल्यासारखे, बस.
उडी मारायची नाही.
पोहता येत असलं तर मुळीच नाही.
शार्दूल हसला, "सर, ही तर फिल्डिंग."
फिल्डिंगच.

सोमवारी पाच जण फाटकाशी उभे.
पोहायचे कपडे कुणीच आणले नव्हते.
तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं:
कणसं खाल्ली, फोटो काढले,
शार्दूल पाय धुवायला उतरला.
नुसता पाय धुवायला.
काठापासून चौथ्या पावलाला
तो होता तिथे पाणी होतं.

मुदस्सर, बॅचमधला सगळ्यांत चपळ,
शर्ट काढत होता.
प्राची घुलेने मागून त्याचा पट्टा धरला.
पाच लिटरच्या कॅनमधलं कोकम सरबत मातीत ओतलं,
ओढणीला ओढणी बांधली,
एक टोक कॅनच्या कडीला,
दुसरं मुदस्सरच्या हातात:
"तुला काहीतरी करायचंय ना? हे धर."

पहिला कॅन डावीकडे गेला.
ओढला. पुन्हा फेकला.
दुसरा त्याच्या कानावर बसला
आणि त्याने मिठी मारली.

"झाकण लावलं होतंस?" मी विचारलं.
प्राची चिडली. "सर, लावलं होतं!"
आणि मग तिथेच, तिकीट-खिडकीच्या पायरीवर,
रविवारभर न आलेलं रडू तिला आलं.
मुदस्सर आपल्या तळहाताकडे बघत होता.
ओढणीची जर रुतून लाल रेघ उठलेली.

कॅन त्यांनी माझ्याकडे ठेवला,
एका बाजूने चेपलेला, तळाशी कोकमाचा डाग.
मी कानाशी धरून हलवून पाहिला.
सवय.

गुरुवारी शार्दूल आला.
आई जाळीपलीकडे उभी, पर्स दोन्ही हातांत घट्ट.
मी शिट्टी वाजवली नाही.
तो कडेला बसला, बराच वेळ.
भिंतीवरच्या आकड्याकडे पाहिलंही नाही.
दांडी धरून
एक पाय खाली सोडत गेला,
फरशी लागेपर्यंत.