ओव्हरटाइम

बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नंबरिंगला होते.
तेहेतीस वर्षं कोऱ्या नोटा पाहिल्या,
घरी मात्र मळक्याच आणल्या.
गेटवर रोज झडती. डब्याचीसुद्धा.
आई म्हणायची, भोपळ्याच्या भाजीत कोण काय लपवणार?

परवा विचारत होते, तू सातपूरला नेमकं करतेस काय?
म्हटलं, तुमचंच.

पेशीत एक तिजोरी असते, बाबा.
मूळ मजकूर तिच्यातून हलत नाही.
बाहेर पडते ती नक्कल, पातळ,
कामापुरती जगणारी.
रायबोझोम तिच्यावरून सरकतं
पहिलीतल्या पोरासारखं बोट ठेवत,
तीन अक्षरं वाचली की एक मणी ओवतं,
पुन्हा तीन, पुन्हा एक.
मग अशी तीन अक्षरं येतात
की ज्यांच्या नावचा मणीच नाही.
तिथं माळ सुटते,
आपली घडी आपणच घालते
आणि प्रथिन म्हणून कामावर रुजू होते.

"आणि ती नक्कल?"
फाडतात.
"मोजून?"
मला उत्तर देता आलं नाही.

माझं यीस्ट दिंडोरीच्या द्राक्षांवरचं,
सालीवर हात फिरवला की बोटाला लागते
त्या पांढुरक्या मेणात राहणारं.
साखर खायची, फसफसायचं,
एकाचे दोन व्हायचं, एवढाच त्याचा संसार.
मी त्याच्या आतले रस्ते खणले.
एका रानझुडपाचं जनुक उसनं आणून बसवलं,
दारूकडे जाणारी वाट अरुंद केली,
म्हटलं, आता मला
तापाच्या औषधाचा कडू, कच्चा रेणू दे.

दिला. चिमूटभर.
आठ महिने मी नळ आणखी आणखी सोडत गेले.

पौषात पारा सहावर आला.
पेखळे मामा इन्क्युबेटरला पाठ लावून उभे राहायचे,
"तुमच्या लेकरांची मजा आहे मॅडम, तीस अंशात."
मजा कसली.
फ्लास्क ताकासारखे गढूळ व्हायला हवेत,
ते धरणाच्या पाण्यासारखे नितळ.
एकच तेवढा गढूळ, फेसाळ, आनंदी.
घाईघाईनं तपासला,
तर त्यातल्या पेशींनी माझं जनुक
केव्हाच बाहेर फेकलेलं.

रागच आला.
इतकं शिकवलं, भरवलं.
रात्री पाथर्डी फाट्याला रिक्षा मिळेना
तेव्हा उभ्या उभ्या बाबा आठवले,
नोटबंदीच्या हिवाळ्यातले.
दोन-दोन पाळ्या, रविवारीही.
पायातले बूट न काढता ताटावर बसलेले,
घास हातात, हात हवेत,
ओठ हलतायत.
आई म्हणाली, अहो, काय म्हणताय?
आकडे म्हणत होते.
त्या महिन्यात पैसे जास्त आले,
आणि बाबांच्या पँटला नवीन भोक पाडलेला पट्टा.

दुसऱ्या दिवशी नळ पावभर केला.
आधी दोन दिवस नुसतं वाढू दिलं,
खाऊ दिलं, फसफसू दिलं,
काही मागितलं नाही.
वरिष्ठ म्हणाले, गावडे मॅडम, हे उलटं चाललंय.
चाललंय खरं.

अकरा दिवसांनी आलेखाच्या सपाट रेषेवर
एक टेकडी उभी राहिली.
फार मोठी नाही. म्हसरूळहून चामरलेणं दिसतं तेवढी.
मी पुन्हा नमुना लावला. पुन्हा.
टेकडी जागची हलली नाही.

संध्याकाळी उरलेलं यीस्ट वाफेवर मारायचं असतं,
नियम आहे, एक पेशी बाहेर जाता कामा नये.
बाहीला आंबवलेल्या पिठाचा वास तेवढा राहतो.
त्याच वासात जेलरोडला घरी गेले.

बाबा, ती नक्कल मोजून फाडत नाहीत.
पण फाडल्यावर तिचं एकेक अक्षर सुटं करतात
आणि पुढच्या मजकुराला वापरतात.
काहीच टाकत नाहीत.

बराच वेळ बोलले नाहीत.
मग म्हणाले, "मग हिशेब लागतो,"
आणि भोपळ्याची भाजी पुढे ओढली.