कूलर बंद

रात्री दोनला मी कूलर बंद केला
तर अख्खा वॉर्ड माझ्यावर उठला.
मे महिना, भिंती अजून तव्यासारख्या.
"काहून बंद केला जी सिस्टर?
माणसं भाजून राह्यली इथं!"

एक मिनिट, म्हटलं.
मला एक आवाज ऐकायचा आहे,
किंवा तो नाही, हे.

आठ नंबर. रेवताबाई लांजेवार, एकसष्ट.
इतवारीत मिरच्यांची देठं खुडून
बोटं कायमची तिखट.
दुपारी पोटाचं ऑपरेशन,
सहाला मॉर्फिन, नऊला पुन्हा,
साडेदहाला झोपेची गोळी.
तीन सह्या, तीन अक्षरं,
प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबर.
बेरीज कुणाच्याच नावावर नाही.

पायाशी बसलेला होमेश्वर खुशीत:
"पाहा ना, कशी घोरून राह्यली!
तीन रात्री डोळ्याले डोळा नव्हता.
झोपू द्या तिले."

बोटावरचं यंत्र शहाण्णव सांगत होतं.
नाकात ऑक्सिजनची नळी असली
की यंत्र बऱ्याच उशिरापर्यंत गोड बोलतं.
मी त्याच्याशी भांडत नाही.
बरगडीखाली तळहात ठेवते
आणि साठ सेकंद, पूर्ण साठ.
पंधरा मोजून चारनं गुणायचं
हे दिवसपाळीचं गणित.

एक.
अजनी यार्डात मालगाडीचे डबे आपटले.
दोन.
घोरणं चढलं, अडकलं,
आणि मग काहीच नाही,
इतकं काहीच नाही की
अकरा नंबरचा कुरकुरणारा म्हातारासुद्धा गप्प झाला.
तीन.

सातवर मिनिट संपलं.

"रेवताबाई! नाव सांगा! रेवताबाई!"
पापण्या उचलल्या, अर्ध्यात विसरल्या.
हनुवटी वर. मास्क. डॉक्टर धावत.
नॅलोक्झोन, थेंबाथेंबानं,
झोप उतरावी पण कळ
एकदम अंगावर कोसळू नये इतपत.

चौथ्या मिनिटाला त्या रागावल्या:
"काहून उठवलं वं?
मिरच्या वाळत होत्या माह्या."

इतकी गोड शिवी मला वर्षभरात मिळाली नव्हती.

गोळी खोडली, लाल शाईनं.
पण उतारा तासाभरात विरतो,
मॉर्फिन त्याहून चिवट,
म्हणून स्टूल ओढून बसले.
दर पंधरा मिनिटांनी कूलर बंद.
तिसऱ्या वेळी उठायला गेले
तर अकरा नंबरनं आधीच बटण दाबलं होतं.

पहाटे होमेश्वर बोटांवर मोजत म्हणाला,
"बारा. बारा चांगलं ना जी?"

चांगलं, म्हटलं.
परत मोज.