पस्तीस मिनिटं

आपियाच्या छोट्या धावपट्टीवर
मी माणसं तोलतो.
अदबीनं, पण तोलतोच,
कारण विमानात जागा एकोणीस
आणि वैमानिकाला हिशेब लागतो
कोण पुढे बसेल, कोण शेपटाकडे.
एकशे चार. सत्त्याण्णव.
लहान मूल, अकरा, मांडीवर.

पागो पागो इथून सव्वाशे किलोमीटर.
चहा देत नाहीत;
देईपर्यंत उतरायची वेळ होते.
पण मध्ये कुठेतरी पाण्यावर
ती रेघ लागते, न दिसणारी,
आणि मंगळवारी निघालेला माणूस
सोमवारी पोचतो.
घड्याळाला हात लावायचा नाही.
काटे तेच, ऊन तेच,
वार तेवढा दुसऱ्या देशाचा.
परवा आलेला परवा जाईल म्हणतात,
आणि कुठला परवा कुठला
ते मी तिकिटावर बघतो.

त्या मंगळवारी तेलेसिया आली.
काखेत गुंडाळलेली बारीक विणीची चटई,
टोपलीत अळूच्या पानांत बांधलेलं नारळाचं दूध,
अजून गरम.
"किती वेळ लागेल?" तिनं विचारलं,
जन्मभर या बेटावर काढून.
मी काट्याकडे बघत म्हणालो, पस्तीस मिनिटं.
"ते नाही रे. तिकडे आज काय?"
सोमवार.
"मग तिकडे अजून आपेलु आहे."

आपेलु पहाटे गेला होता.
घंटा मीही ऐकली होती, दाढी करताना.
मुलगा तिकडे मासे डबाबंद करायच्या कारखान्यात,
बापाशी सहा वर्षं अबोला.
होडीवरून, की होडीच्या इंजिनावरून;
आता दोघांपैकी एकालाच विचारता येईल.
फोन करायचा नाही, तिनं गावाला बजावलं होतं.
मी जाते.
ब्याऐंशी, मी लिहिलं. टोपलीसकट.

पुढचं तिनंच सांगितलं, नंतर,
सामानाच्या खिडकीशी उभं राहून.
मातायो पाळी संपवून आला,
अंगाला माशांचा वास, आईला बघून चरकला.
ती म्हणाली, सहजच आले.
पानं सोडली, जेवले.
त्यानं बाराव्या घासाला
(ती घास मोजत होती)
विचारलं, म्हातारा कसा आहे?
ती म्हणाली, आज सोमवार ना?
आज बरा आहे.
मग त्याला इंजिनाबद्दल बोलू दिलं,
पोटभर, शिव्यांसकट.
हसलाही एकदा, बापाची नक्कल करताना.
भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले
तशी तिनं ताटं उचलली
आणि सांगितलं.

"खोटं बोललात तुम्ही," मी म्हणालो.
"वार बघून बोलले," ती म्हणाली.

सकाळी सातच्या विमानानं दोघं परतली,
म्हणजे इथे बुधवारी.
ज्या मंगळवारी बाप गेला
तो मातायोच्या वाट्याला सातच तास आला,
त्यातही अंधार जास्त.
तिकडच्या कारकुनाचा कागद माझ्या हातात:
तेलेसिया, एकोणऐंशी. टोपली रिकामी.
मातायो, एकशे बारा.
पायऱ्या उतरताना डावा खांदा जरा खाली,
आपेलुचा असायचा तसाच.
मी बघितलं, बोललो नाही.
मागे रांग होती.

एक पोरगा काट्यावर चढला, पाठीवर गिटार.
किती वेळ लागतो हो, म्हणाला.
पस्तीस मिनिटं.
वारा समोरून असला तर चाळीस.
गिटार खाली ठेव, तिचं वेगळं लिहितो.