मीटर

कानाच्या दवाखान्यातला पोरगा विचारतो,
हा आवाज कधीपासून येतोय?
बहुतेकांना नेमकं सांगता येत नाही, असंही तोच म्हणतो.
मला येतं.
नोव्हेंबर ऐंशी, शुक्रवार, साडेनऊच्या पुढे,
हल शहर, हेसल रोड,
जाळी विणणाऱ्या बायकांच्या जुन्या हॉलचा वरचा मजला.
तो लिहितो : बऱ्याच वर्षांपासून.

तिकीट साठ पेन्स. हातावर शिक्का
कुठल्याशा बुडालेल्या मासळी कंपनीचा : 'तपासले'.
आम्ही एकोणतीस माणसं. मॅक्सीननं मोजली होती,
तिला काहीही मोजायची सवय.
शिवाय एक कुत्रा, साउंडवाल्याचा,
स्पीकरला पाठ लावून गाढ झोपलेला.

मॅक्सीनच्या अंगात बापाचा स्वेटर.
बापाचा ट्रॉलर दोन वर्षं गोदीत गंजत होता
आणि बाप स्वयंपाकघरात बसून
रोज तेच बूट पुसायचा.
स्वेटरला अजून समुद्राचा वास होता,
घामानं तो पुन्हा जागा व्हायचा.

बँडचं नाव सेकंड रिमायंडर.
गाणारा नेव्हिल स्टॅदर्स, दिवसा बेकारभत्त्याच्या खिडकीमागे,
रात्री आमच्याकडे पाठ करून
तेच फॉर्म म्हणायचा :
लागू नसेल ते खोडा, लागू नसेल ते खोडा.
गिटार म्हणजे मासे कापायची सुरी,
चाल अशी काही असलीच तर ती बेसची,
पायाच्या नडगीतून वर चढणारी.
त्यांना फार वाजवता यायचं असं नाही.
आम्हाला तरी कुठे फार ऐकता यायचं.
नाच म्हणाल तर नाचही नव्हता तो,
थंडीत बसची वाट बघणारा माणूस पाय बदलतो, तसं काहीतरी.

आणि तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर गुडुप अंधार.

हॉलचा मीटर नाण्यावर चालायचा. पन्नास पेन्स टाका, मग उजेड.
गिटार मेली, बेस मेला, नेव्हिलचा आवाज
एकदम बारका, घरगुती झाला, 'अरे' म्हणाला.
फक्त ड्रमवाली थांबली नाही.
विनिफ्रेड नाव होतं तिचं, बेकरीत कामाला,
अंधारात ती वाजवत राहिली, किंचितही न घसरता,
आणि एकोणतीस माणसं खिसे चाचपू लागली.
पेनी निघाल्या, किल्ल्या निघाल्या, अर्धा सँडविच निघाला.
पन्नास पेन्स माझ्याकडे होते.
आमच्या दोघींचं परतीचं भाडं.

मी सांगते, आयुष्यात पुढे घर घेतलं, गाडी घेतली,
पण विकत घेतलेली वस्तू अशी
एका दणक्यात अंगावर आली नाही कधी.
मीटर खाली, स्टेजच्या बाजूला, स्पीकरला लागून.
माझा कान तिथेच होता.

मग चार मैल चालत.
दोघींच्या कानांत दडे बसलेले,
ओरडून बोलत होतो, खिडक्या उघडत होत्या, शिव्या येत होत्या
आणि त्याही ऐकू येत नव्हत्या.
आमच्या गावातले टेलिफोन बूथ सायीच्या रंगाचे,
त्यातल्या एकापाशी मॅक्सीन थांबली.
काहीतरी बोलली. या वेळी ओरडून नाही.
तोंडातून वाफ निघताना दिसली, एवढंच.
मी म्हटलं, हो.
ती माझ्याकडे बघत राहिली, आणि पुन्हा विचारलं नाही.
मार्चमध्ये रॉटरडॅमची बोट धरून गेली.
एक कार्ड आलं. त्यावर पत्ता नव्हता.

आता मी काचेच्या खोलीत, कानावर जड हेडफोन.
टीं ऐकू आलं की बटण दाबायचं.
दाबते. थांबते. दाबते.
पोरगा काचेपलीकडून मान हलवतो,
दार उघडून सौम्यपणे सांगतो,
आजी, आत्ता मी काहीच वाजवलं नव्हतं.

माहीत आहे, म्हणते.
दार लाव.