पाणी कुठे मुरलं

मांडीचं हाड, वीतभर.
बरणीवरच्या चिकटपट्टीवर विटलेली शाई:
लेम्पी वास्केला, वय चोवीस, सप्टेंबर अठ्ठावन्न.
तौनो हेइक्कुरीनं ती कोटाच्या आत धरून आणली,
तान्हं मूल आणावं तशी.
बाहेर उणे अठरा.

निवृत्तीला त्याचे एकवीस दिवस उरलेत.
खटला त्याचा नव्हताच,
त्याच्या साहेबाच्या साहेबाचा होता.
पण कोर्पियार्वीत वाढलेल्या कुणालाही विचारा
दोरीवर उड्या मारताना मुली काय म्हणायच्या:
एक वल्हं, दोन वल्ही,
ओत्सोची नाव, लेम्पी नाही.

ओत्सोनं अकरा वर्षं भोगली.
सुटल्यावर तो तळ्याकडे फिरकला नाही,
ओल्या फडक्यानं अंग पुसायचा,
तीच त्याची आंघोळ.

तौनो म्हणतो, डॉक्टर, या फायलीत कुठेतरी पाणी मुरतंय.
इर्या साल्लामो हसत नाही.
फायलीचं मला कळत नाही, म्हणते,
हाडात मुरलं असेल तर बघू.

बुडणारं माणूस शेवटी पाण्याचाच श्वास घेतं.
फुप्फुस आतून बारीक बारीक उसवतं,
आणि हृदय, ज्याला अजून कुणी काही कळवलेलं नसतं,
ते पाणी घरोघर पोचवत राहतं
जुन्या पोस्टमनच्या इमानानं:
यकृतात, मूत्रपिंडात, हाडाच्या मज्जेत.
पाण्यासोबत जातात शेवाळाची काचेची कवचं,
डोळ्यांना न दिसणारी,
दर पाण्याची निराळी.
मेल्यावर ढकललेल्याच्या मज्जेत सहसा काही पोचत नाही.
सहसा.
हा शब्द इर्या नेहमी थोडा मोठ्यानं उच्चारते.

मज्जा आम्लात उकळली. पिवळी वाफ.
सगळं विरघळलं,
काच तेवढी विरघळत नाही.
भिंगाखाली तिनं तळ्यातल्या गोल चकत्या शोधल्या.
एकही नाही.
होत्या त्या अकरा होड्या,
निमुळत्या, दोन्ही टोकांना वल्हवता येतील अशा,
वाहत्या पाण्यात दगडाला धरून राहणाऱ्या.

ओढा! तौनो खुर्चीवरून उठलाच.
गिरणीचा ओढा, तळ्यापासून चार मैल वर!
आणि गिरणी विल्याम हुर्मेची,
ज्यानं बायबलवर हात ठेवून सांगितलं होतं
की धक्क्यावरचं भांडण त्यानं कानांनी ऐकलं.
एक बाही कोटात गेलीसुद्धा.

बस, तौनो.
ही बरणी तेव्हा कशानं धुतली असेल?
इस्पितळाच्या पाण्यानं, दुसरं कशानं.
आणि इस्पितळाच्या नळाला पाणी कुठून यायचं?

तौनो बसला.
दुसरी बाही तशीच लोंबत राहिली.
म्हणजे या होड्या लेम्पीच्या की नळाच्या?
माहीत नाही.
अकरा आहेत, डॉक्टर.
मोजल्यात मी. तिशीत असते
तर 'होय' लिहून मोकळी झाले असते.
तिशीत एकदा लिहिलंय.
कुणाबद्दल, ते तौनोनं विचारलं नाही.

तिनं टंकलं:
ओढ्याच्या पाण्याशी सुसंगत.
तौनोनं तो शब्द तीनदा वाचला,
रिकामं पाकीट पुन्हा हलवून बघावं तसा.

बाहेरच्या बाकावर मार्ता, ओत्सोची बहीण,
वय त्र्याऐंशी, लोकरी टोपी गुडघ्यावर.
इर्यानं तिला सगळं सांगितलं,
आम्ल, काच, नळ, काहीही न गाळता.
म्हातारी मान हलवत होती,
दुकानदार उधारीचा हिशेब वाचतो तेव्हा हलवतात तशी.
मग म्हणाली,
त्याच्या थडग्यावर दगड नाही.
गावानं लावू दिला नाही.
आता लावीन.
तुमचा तो शब्द कोरायचा तर किती अक्षरं होतील?
पाथरवट अक्षरामागे पैसे घेतो.

इर्या बोटांवर मोजते.
चार.

मी देतो, तौनो म्हणतो,
आणि लोंबणाऱ्या बाहीत हात घालायला जातो,
दोनदा चुकतो.